रोग ओळखणारे हकीम : अल्-राझी

आजारी माणूस दवाखान्यात गेला, की डॉक्टर लगेच औषध देत नाहीत. ते आधी त्याची विचारपूस करतात. नाडी पाहतात, जीभ पाहतात, छाती तपासतात. मग आजार कोणता, हे ठरवतात. रोग ओळखण्याच्या या कामाला मराठीत 'रोगनिदान' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'तशखीस' म्हणतो. निदान चुकले, तर चांगले औषधही वाया जाते. हे जाणून आयुष्यभर रोगांच्या लक्षणांचा अभ्यास करणारे एक थोर हकीम सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांचे नाव अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल्-राझी.

अल्-राझी यांचा जन्म इ. स. ८६५ च्या सुमारास इराणमधील रय या शहरात झाला. हे ठिकाण आजच्या तेहरानजवळ आहे. रयचे राहणारे म्हणून त्यांना राझी म्हणत. तरुणपणी त्यांना संगीताची आणि किमियाची आवड होती. वैद्यकाकडे ते उशिरा वळले. परंतु त्यात त्यांनी मोठे नाव कमावले. पुढे ते रय येथील आणि बगदाद येथील रुग्णालयांचे प्रमुख झाले.

त्यांची शिकवण्याची पद्धत निराळी होती. त्यांच्याजवळ त्यांचे शिष्य बसत. त्या शिष्यांपुढे त्यांचे शिष्य बसत आणि सर्वांत पुढे नवे विद्यार्थी असत. आलेला रुग्ण प्रथम नव्या विद्यार्थ्यांना आपली तक्रार सांगे. त्यांना रोग ओळखता आला नाही, तर तो पुढच्या रांगेकडे जाई. कोणालाच उलगडा झाला नाही, म्हणजे अल्-राझी स्वतः त्याला तपासत. गरीब रुग्णांना ते फार दयेने वागवत आणि पैशांचीही मदत करत.

त्या काळी देवी आणि गोवर या रोगांनी असंख्य मुले दगावत. उर्दूत देवीला 'चेचक' आणि गोवराला 'खसरा' म्हणतात. दोन्हींत ताप येतो आणि अंगावर पुरळ उठते. त्यामुळे सुरुवातीला ते ओळखणे कठीण जाई. अल्-राझी यांनी अनेक रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. देवीच्या तापात पाठ फार दुखते, नाकाला खाज सुटते आणि रुग्ण झोपेत दचकतो, असे त्यांना आढळले. गोवरात पाठदुखी कमी असते. मात्र मळमळ आणि अस्वस्थता जास्त असते. हे सारे त्यांनी 'अल्-जुदरी वल्-हसबा' या ग्रंथात लिहिले. या दोन रोगांची लक्षणे वेगवेगळी सांगणारा हा फार जुना ग्रंथ मानला जातो. हे रोग विषाणूंमुळे होतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तरी केवळ निरीक्षणाच्या बळावर त्यांनी हा फरक दाखवला.

अल्-राझी आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवत. एका रुग्णाला वारंवार थंडी वाजून ताप येई. हा हिवतापाचा प्रकार असावा किंवा मूत्रपिंडात जखम असावी, असे त्यांना वाटले. पण नक्की सांगता येईना. पुढे त्याच्या लघवीतून पू गेला, तेव्हा रोग मूत्रपिंडाचा असल्याचे सिद्ध झाले. उठताना कमरेत जडपणा वाटतो का, हे आपण त्याला विचारलेच नव्हते, असे अल्-राझी यांनी स्वतःच लिहून ठेवले. एवढ्या नामवंत हकिमाने आपली उणीव लपवली नाही. पुढच्या हकिमांनी कोणताही प्रश्न विचारायचा सोडू नये, ही त्यामागची तळमळ होती.

इ. स. ९२५ च्या सुमारास रय येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या टिपणांवरून शिष्यांनी 'अल्-हावी' हा प्रचंड ग्रंथ तयार केला. इ. स. १२७९ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले आणि युरोपातील वैद्यांनी त्याचा अभ्यास केला.

लसीकरणामुळे देवीचा रोग नाहीसा झाला. इ. स. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. गोवर मात्र अजून गेलेला नाही. म्हणून बालकांना त्याची लस देतात. आज रक्ताची तपासणी होते, क्ष-किरणांनी चित्र काढता येते. तरीही डॉक्टर रुग्णाजवळ बसून प्रथम त्याला काय होते, हेच विचारतात. अल्-राझी यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाच धडा दिला होता.