डॉ. वाल्डेमार हाफकिन : सेवा आणि कलंक

मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये जी संस्था आहे, तिचे नाव आपल्या जिभेवर इतके रुळले आहे की, ते एका माणसाचे आडनाव आहे याचाही अनेकांना विसर पडला आहे. लस म्हटली की हाफकिन, एवढेच आपल्याला ठाऊक असते. ज्या माणसाने या शहरासाठी स्वतःच्या देहावर प्रयोग केला आणि ज्याला याच देशातून कलंक माथी घेऊन जावे लागले, त्याची जीवनकथा मनन करण्याजोगी आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा नगरात एका यहूदी व्यापारी कुटुंबात झाला. त्याच नगरातील विद्यापीठात थोर प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. १८८१ च्या सुमारास रशियात यहूदी वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले व पकडलेही गेले. गुरूंनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. हल्ला करणारे जमाव स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी मान खाली घालूनच वाचली पाहिजे.

पुढे विद्यापीठात अध्यापकपदाचा मार्ग त्यांना मोकळा होता. अट एकच, रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत प्रवेश करण्याची. पदासाठी धर्म बदलणे त्यांच्या विवेकबुद्धीला मानवले नाही. ज्या श्रद्धांतराच्या मागे पगार उभा असतो त्याचे मोल काय, हे मंडळीच्या इतिहासाने आपल्याला पुष्कळदा शिकवले आहे. हाफकिन यांनी काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले आणि १८८८ मध्ये देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे प्रथम मिळाले ते ग्रंथपालाचे काम. तेच त्यांनी आनंदाने पत्करले व उरलेल्या वेळी जंतूंचा अभ्यास चालू ठेवला.

दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारी पटकी हा त्या काळचा मोठा काळ होता. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करण्यापूर्वी आपला जीव पुढे करावा, हा त्यांचा नियम पुढेही मोडला नाही.

१८९३ च्या मार्चमध्ये ते हिंदुस्थानात आले. आग्रा येथे टोचणीला आरंभ झाला व उत्तरेतील छावण्यांतून ती पसरली. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत पटकी उद्भवली. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत दहा जण आजारी पडले व सात दगावले. ते सर्व लस न घेतलेले होते. सर्वत्र मात्र असे यश आले नाही. त्याच वर्षी लखनौच्या छावणीत, वर्षापूर्वी टोचलेल्या गोऱ्या पलटणीला पटकीने गाठले आणि लसीचा लाभ फारसा दिसला नाही. हाफकिन यांनी ते अपयशही नोंदवले. लसीचे संरक्षण कालांतराने ओसरते, हा धडा त्यातूनच मिळाला. अवघ्या अडीच वर्षांत त्यांनी ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली. त्या श्रमांत हिवतापाने त्यांचे शरीर पोखरले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेगची लागण ओळखली. शहर ओस पडू लागले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह, रात्रंदिवस काम करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची नवी लस त्यांनी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. त्यांच्यापैकी दोघे आजारी पडले व दोघेही बरे झाले. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले व सहा मरण पावले. लोकांची भीती मोडावी म्हणून आगाखान यांनी चारचौघांत लस घेतली व प्रयोगशाळेला जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळला प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

आणि मग तो दिवस उजाडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना आठवडाभराने धनुर्वात झाला आणि एकूण एक मरण पावले. या एकोणीसही जणांची लस एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतील होती.

चौकशी आयोग नेमला गेला. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असे आयोगाचे मत पडले. मागणी प्रचंड वाढल्याने हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत बदलली होती व तीत कार्बॉलिक आम्ल वगळले होते, याकडे बोट दाखवण्यात आले. हाफकिन हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, परके होते, यहूदी होते. अशा माणसाबद्दल वाईट ते लवकर खरे वाटते. त्यांना कामावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

पण पुरावा काय सांगत होता? धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, हवा नसेल तेथे वाढतो आणि वाढताना विष निर्माण करतो. बाटली भरल्यापासून ती उघडेपर्यंत कित्येक आठवडे लोटले होते. जंतू आरंभापासून आत असता, तर तेवढ्या काळात द्रव विषाने भरून गेला असता, त्याला दुर्गंधी सुटली असती आणि रोगाची लक्षणे लवकर दिसली असती. बाटली उघडताना तर कसलीही दुर्गंधी जाणवली नव्हती. शिवाय मुलकोवालला बाटली उघडण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता धुऊन वापरला गेला होता, हेही उघड झाले. सर रोनाल्ड रॉस यांनी हे सर्व मुद्दे हिरिरीने मांडले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून न्याय मागितला आणि त्या वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

ते कलकत्त्यास परत आले. परंतु परळची खुर्ची आता दुसऱ्याकडे होती आणि माणसांवर लशींचे नवे प्रयोग करण्यास त्यांना मुभा नव्हती. पाच वर्षांचा अन्याय एका आदेशाने पुसला जात नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. ते अविवाहित होते. पुढे आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणात ते अधिकाधिक रमले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहूदी धार्मिक पाठशाळांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुलकोवालच्या बाटलीचे महत्त्व आजही संपलेले नाही. धनुर्वाताच्या जंतूचाच एक भाऊबंद हवाबंद अन्नात वाढून बॉट्युलिझम ही प्राणघातक विषबाधा घडवतो. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका गावात खारवलेले डुकराचे मांस खाऊन वादकांचा एक ताफा आजारी पडला, तेव्हा व्हान एर्मेंगेम यांनी तो शोधून काढला. याचे विष असलेल्या अन्नाला दरवेळी वास येतोच असे नाही. म्हणून नाकावर विसंबून न राहता प्रयोगशाळेत नमुना तपासावा लागतो. लखनौच्या अलीगंजमध्ये सरकारी जनविश्लेषक प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी अन्नाचे नमुने तपासले जातात. नमुना कोणी घेतला, कधी मोहरबंद केला, कोणाच्या हातून गेला, याची नोंद ठेवणे कित्येकांना रुक्ष कारकुनी वाटते. पण या नोंदीवर दोन गोष्टी अवलंबून असतात : दूषित अन्न लोकांच्या ताटात जाण्यापूर्वी रोखणे, आणि दोष निर्दोषाच्या माथी न मारणे.

मुलकोवालचे ते एकोणीस जीव कोणत्याही निकालाने परत आले नाहीत, हेही विसरता कामा नये. त्यांना खरा न्याय मिळायचा तर चूक नेमकी कोठे झाली हे शोधणे आवश्यक होते. घाईने एका परक्याला दोषी ठरवल्यामुळे तो शोधच पाच वर्षे लांबला. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण बालपणापासून पाठ करतो. पुरावा पुरता न तपासता दिलेला निर्णय हीसुद्धा एक प्रकारची खोटी साक्षच असते, हे परळच्या त्या इमारतीवरून जाताना आपल्याला आठवावे.