चिंचेतलं आम्ल आणि पंचविशीतला पाश्चर

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला दूध आणि पिसाळलेलं कुत्रं आठवतं. मला त्याचं त्याआधीचं, पंचविशीतलं काम जास्त आवडतं. जन्म १८२२चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावायचे. पोराचा हात चित्रकलेत छान, रसायनशास्त्रात मात्र गुण जेमतेम.

१८४८ साली पॅरिसमध्ये त्याच्यापुढे एक कोडं होतं. टार्टारिक आम्ल, म्हणजे द्राक्षांत आणि आपल्या चिंचेत असतं तेच, पाण्यात विरघळवून त्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळायचा. कारखान्यात मिळालेलं दुसरं एक आम्ल होतं. त्यात घटक तेच, प्रमाण तेच, पण प्रकाश ढिम्म हलत नसे. पाश्चरनं या दुसऱ्याच्या क्षाराचे स्फटिक निरखून पाहिले, तर त्यांत दोन जाती! डाव्या-उजव्या चपलांसारख्या, एकमेकींचं आरशातलं रूप. तांदूळ निवडावेत तसे त्यानं ते एकेक करून वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचं डावीकडे. समसमान मिसळले की शून्य. (नशीबही होतं. हे स्फटिक साधारण २७ अंशांखालीच असे वेगवेगळे वाढतात. मुंबईच्या मे महिन्यात काही दिसलं नसतं.) सत्तरी ओलांडलेल्या बियो यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःची रसायनं देऊन, समोर बसवून प्रयोग पुन्हा करायला लावला. निकाल तोच!

स्फटिक विरघळल्यावरही फरक टिकत होता, म्हणजे तो रेणूतच होता. अणू कोणते नि किती एवढं कळून भागत नाही, ते कसे मांडलेत तेही बघावं लागतं. पुढे त्याला दिसलं की एक बुरशी उजवा प्रकार खाते आणि डावा तसाच सोडते.

नंतरचं आयुष्य खडतर. तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडनं. १८६८मध्ये अर्धांगाचा झटका आला. रेबीजची लस त्यानंतरची, १८८५ची. १८९५मध्ये तो गेला.

आता आपल्या घरातलं. इथे इंग्लंडात परागकणांचा मोसम आला की आपण सेटिरिझिन घेतो, १० मिलिग्रॅम. त्यात डावे-उजवे रेणू निम्मे निम्मे असतात आणि काम मुख्यतः एकच जात करते. भारतातून आई बॅगेत कोंबते ती लेव्होसेटिरिझिन, म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारी तेवढीच जात वेगळी काढलेली. म्हणून ती ५ची असते. इथल्या १०शी बरोबरी करायला त्या दोन घेणारे मित्र मला भेटलेत. मंडळी, तसं करू नका, एकच पुरते.