बंदुकीच्या दारूला शिस्त लावणारा शास्त्रज्ञ, ज्याचा शेवट गिलोटिनवर झाला

अँटोनी लॅव्हाझिए हे नाव आपण शाळेत वाचलंय. ऑक्सिजनला ते नाव देणारा, रासायनिक क्रियेत वस्तुमान कमी-जास्त होत नाही हे दाखवणारा फ्रेंच शास्त्रज्ञ. पण पुस्तकात एक गोष्ट सहसा नसते. हा माणूस सतरा वर्षांच्या आसपास फ्रान्ससाठी बंदुकीची दारू बनवण्याचं काम बघत होता. बंद झालेल्या दारूचा जुना डबा हातात घेऊन तिचं माप शोधणाऱ्या आजच्या अमेरिकन नेमबाजापर्यंत त्याच्या कामाचा धागा पोचतो.

वकिली शिकला, पण तराजू धरला

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. वडील वकील, म्हणून त्यानंही कायद्याचं शिक्षण घेतलं. मन मात्र विज्ञानात. १७६८ मध्ये, म्हणजे पंचविशीतच, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत गेला. त्याच वर्षी त्यानं राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत भागीदारी घेतली. त्या पैशातून त्याची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि याच भागीदारीनं पुढे त्याचा जीव घेतला. १७७१ मध्ये त्याचं मारी-ॲनशी लग्न झालं. ती प्रयोगांच्या नोंदी ठेवायची, चित्रं काढायची.

भारतातला सोरा गेला आणि फ्रान्स अडकला

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. यात सर्वात मोठा वाटा सोऱ्याचा, साधारण तीन चतुर्थांश. त्या काळी उत्तम सोरा बिहार-बंगालमधून युरोपात जायचा. प्लासीच्या लढाईनंतर तिथं इंग्रजांचं बस्तान बसलं आणि फ्रान्सला हा माल मिळणं अवघड झालं. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात फ्रेंच सैन्याला दारूची टंचाई भोवली.

देशातला सोरा मिळवायची पद्धत तर विचित्रच होती. ठेकेदारांची माणसं लोकांच्या तळघरात, गोठ्यात घुसून माती खणायची. लोक वैतागायचे आणि माल निकृष्ट निघायचा.

१७७५ मध्ये अर्थमंत्री तुर्गो यांनी ही ठेकेदारी मोडून सरकारी दारू खातं काढलं आणि चार संचालकांत लॅव्हाझिएला घेतलं. तो पॅरिसच्या आर्सेनलमध्ये राहायला गेला. प्रयोगशाळाही तिथंच थाटली.

दारू तीच, पण प्रत्येक खेप वेगळी

कच्च्या सोऱ्यात मीठ आणि इतर क्षार मिसळलेले असायचे. ते हवेतली ओल ओढून घेतात. अशी दारू कधी नीट पेटायची, कधी नुसती फुसफुसायची. लॅव्हाझिएनं सोरा शुद्ध करण्याच्या रीती सुधारल्या, कृत्रिम पद्धतीनं सोरा पिकवण्याच्या सूचना १७७७ मध्ये छापून वाटायला लावल्या आणि घरात घुसून खणण्यावर बंधनं आली. काही वर्षांतच फ्रेंच दारूचा दर्जा इतका सुधारला की इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकन बंडखोरांनाही तिचा मोठा आधार झाला.

सोऱ्यात ऑक्सिजन साठलेला असतो, म्हणून दारू बंद नळीतही जळते, हे गणितही त्याच्या ज्वलनाच्या अभ्यासातूनच उलगडलं.

एक घटक बदलला आणि दोन जीव गेले

क्लोद बर्थोले या रसायनशास्त्रज्ञाला सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरून जास्त जोरदार दारू होईल असं वाटत होतं. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोनच्या कारखान्यात हा प्रयोग झाला. लॅव्हाझिए, मारी-ॲन आणि बर्थोले न्याहारीसाठी बाजूला गेले होते. कारखान्याचा संचालक आणि एक तरुणी पुढे परतले, तेवढ्यात स्फोट झाला. दोघंही गेले. क्लोरेटचं मिश्रण नुसत्या घर्षणानंही भडकतं.

क्रांतीची ठिणगी

१४ जुलै १७८९ रोजी पॅरिसकरांनी बास्तीयवर हल्ला केला, तो तिथल्या दारूसाठीही होता. ती दारू दोनच दिवसांपूर्वी आर्सेनलमधून तिथं हलवली होती. ऑगस्टमध्ये आर्सेनलमधून हलक्या प्रतीची दारू होडीत भरली जात होती. शत्रूला माल चाललाय, असा लोकांचा समज झाला. लॅव्हाझिए जमावाच्या हातून कसाबसा वाचला.

करवसुलीची भागीदारी मात्र त्याला सोडेना. ८ मे १७९४ रोजी त्याला, त्याच्या सासऱ्यांना आणि इतर भागीदारांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवण्यात आलं. तो ५० वर्षांचा होता.

शिष्यानं धंदा अमेरिकेत नेला

एसोनच्या कारखान्यात एक पोरगा दारूचं काम शिकत होता, इल्युथेर डुपॉन्ट. क्रांतीनंतर तो अमेरिकेत गेला आणि १८०२ मध्ये डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी त्यानं दारूची गिरणी काढली. तिला लॅव्हाझिएचं नाव द्यायचाही त्याचा विचार होता. हीच पुढची डुपॉन्ट कंपनी.

या कंपनीनं पुढे दारूचे कितीतरी प्रकार आणले आणि बंदही केले. अमेरिकेत अनेक नेमबाज झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरतात. कोणती दारू किती घालायची, याचे तक्ते दारू कंपन्या छापतात. दारू बंद झाली की नव्या तक्त्यांतून तिचं नाव गळतं. मग लोक त्या काळातली कंपनीची पुस्तिका धुंडाळतात किंवा आज तो ब्रँड ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारतात. दारू कधीची, कोणत्या खेपेची, हेही बघावं लागतं. ४३५० हा एकच आकडा दोन ब्रँडच्या डब्यांवर आहे, तरी एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. चुकीच्या मापानं बंदूकच हातात फुटू शकते. त्यामुळे खात्रीचं माप मिळालं नाही, तर ती दारू न वापरणं हाच शहाणपणा.

लॅव्हाझिएनं आयुष्यभर हेच केलं होतं. दिसण्यावर न जाता तराजूवर विश्वास ठेवला. एसोनला तराजूच्या आधी उत्साह पुढे गेला, आणि त्याची किंमत दोन माणसांनी मोजली.