लक्ष्मीबाई टिळक : अनुसरण की स्वीकार?

लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्राचा विचार मराठी समीक्षेत बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्राचा उत्तरार्ध म्हणून झाला आहे. पती ख्रिस्ती झाला आणि काही वर्षांनी पत्नीही त्याच्या पाठोपाठ गेली, एवढ्या सूत्रात त्यांच्या धर्मांतराची वासलात लावली जाते. 1950 साली ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. हे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आढळतात. परंतु सामान्य वाचकाच्या मनात त्यांनी पतीमागून चालणाऱ्या स्त्रीचेच चित्र दृढ केले असणे शक्य आहे. घटनाक्रम बारकाईने पाहिला तर मात्र हे चित्र टिकत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. 1857 च्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाल्याचा धक्का बसून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. विटाळाच्या भीतीने सारे घर पाण्यात बुडालेले असे. या छळाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी पुढे जे केले त्यात विनोद आहे, वेदना आहे, पण पित्याविषयी कटुता औषधालाही नाही. हे येथेच नोंदवावयास हवे, कारण त्यांच्या स्वभावाचे हे बीज धर्मांतराच्या कितीतरी आधीचे आहे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. टिळक प्रतिभावंत, उदार आणि विलक्षण लहरी. हाती आलेला पैसा घरात टिकत नसे आणि स्वतः टिळकही टिकत नसत. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. 1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचावयास दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतरची सुमारे पाच वर्षे या चरित्राचा गाभा होत. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. सधवा असून पतिविरहित, अशी ही विचित्र अवस्था होती. समाजाच्या दृष्टीने त्यांना कोणतेच स्थान उरले नव्हते. केवळ पत्नीधर्म म्हणून टिळकांमागे जावयाचे असते, तर ते 1895 मध्येच जाता आले असते; टिळकांची पत्रे येत होती, बोलावणे होते. त्या गेल्या नाहीत. पतीवरील प्रेमात तिळमात्र उणेपणा नव्हता, परंतु जे पटले नाही ते प्रेमापोटी पटल्याचे दाखविणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांच्या कवितेची वाटही याच विरहकाळात मोकळी झाली.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, त्याही हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. येथे टिळकांना श्रेय द्यावे लागते. आग्रही स्वभावाच्या या माणसाने पत्नीच्या श्रद्धेवर बळजबरी केली नाही. तिला तिच्या गतीने चालू दिले.

परिवर्तन घडले ते धर्मग्रंथाच्या वाचनाने नव्हे, तर जातिभेदाच्या प्रश्नाने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. सर्व मनुष्यांची जन्ममरणाची रीत एक, शरीर एक, तर हा भेद ईश्वरनिर्मित कसा, असे त्यांच्या मनाने घेतले. उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते त्याच दिवशी आचरणात आणण्याचे ठरविले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानावयाचे नाही. ज्या मुलीचे बालपण स्पर्शाच्या भयाने व्यापलेले होते, तिच्यासाठी हा निर्णय किती मोठा असेल याची कल्पना करता येते. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे माणसांची प्रतवारी करणे आधी थांबले आणि धर्माचे नाव मागाहून आले. हा क्रम उलटा लावला की लक्ष्मीबाई समजत नाहीत.

यापुढील आयुष्यात ही वृत्ती व्यवहारात उतरलेली दिसते. नगरच्या प्लेगमध्ये त्यांनी रुग्णांची सेवा केली. टिळकांनी घरी आणलेली पोरकी मुले त्यांनी वाढविली. तक्रार केली ती पीठ पुरत नाही याची, मुले कोणत्या जातीची याची नव्हे. बालकवी ठोमरे त्यांच्या घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. जुन्या धर्मातील आप्तांविषयी त्यांनी धिक्काराचा शब्द लिहिला नाही, तसेच नव्या समाजातील माणसांचे दोष झाकण्याचाही खटाटोप केला नाही. अनेक धर्मांतर-कथनांत पूर्वायुष्य काळे रंगविण्याचा मोह आढळतो. तो येथे नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ते संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ या कल्पनेमागे लागले. संसाराची घडी पुन्हा विस्कटली. लक्ष्मीबाईंनी या प्रसंगी वाद घातला, रुसल्या, आणि तरीही पतीच्या अंतःकरणातील सचोटीवर संशय घेतला नाही. त्यांच्या सहिष्णुतेला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी हे भांडण विसरू नये. 9 मे 1919 रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.

वैधव्याचा काही काळ त्यांनी पुत्राबरोबर कराचीत काढला. टिळकांनी आरंभिलेले आणि थोड्या अध्यायांनंतर थांबलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी पुढे नेले. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्र ओवीत सांगावे, यात जात्यावरच्या आणि पोथीच्या परंपरेशी त्यांचे नाते तुटले नव्हते याचा पुरावा आहे. 1933 साली नागपूर येथील ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘स्मृतिचित्रे’चे भाग 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागले आणि हिंदू घरांतून ते आवडीने वाचले गेले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा आठवणींचा अखेरचा भाग लिहून व्हावयाचा होता. तो पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला.