संत मोनिकेचा मुलगा आणि त्याच्या शंका



मागे एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक माता आम्हांला भेटायला ऑफिसात आली. मुलगा शिकून नोकरीला लागला, पण वर्षभर त्याने चर्चची पायरी चढलेली नाही. घरी रोझरी सुरू झाली की मोबाइल घेऊन गच्चीवर जातो. बोलायला गेले तर उलट प्रश्न करतो. देव चांगला आहे तर जगात एवढे दुःख का? जे दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? बायबलमधली जगाची उत्पत्ती विज्ञानात कुठे बसते? आणि देव सगळीकडे आहे तर चर्चलाच कशाला यायचे? फादर, तुम्ही त्याला समजवा, असे म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

समजवा म्हणजे नेमके काय करा? सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना देवाच्या अस्तित्वाची प्रमाणे आम्ही पाठ केली होती, गुणही बरे मिळाले होते. तीच प्रमाणे पूर्वी एकदा अशाच एका तरुणापुढे आम्ही अर्धा तास मांडली. त्याने शांतपणे ऐकले, थँक यू फादर म्हटले आणि तो पुन्हा दिसला नाही. म्हणून या मातेला आम्ही लगेच हो म्हटले नाही. संत मोनिकेच्या मुलाची गोष्ट तिला ठाऊक आहे का, एवढे विचारले. नाव ठाऊक होते, पुढचे फारसे नाही. २७ ऑगस्टला मोनिका आणि २८ ऑगस्टला ऑगस्टीन असे या मायलेकांचे सण लागोपाठ येतात. तेव्हा ती गोष्ट सर्वांनाच सांगावी असे वाटले.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या लहानशा गावी झाला. आज ते गाव अल्जीरिया देशात येते. तेव्हा तेथे रोमन साम्राज्याचा अंमल होता. वडील पॅट्रिशियस बेताच्या जमिनीचे मालक, स्वभावाने तापट, आणि ख्रिस्ती नव्हते. मरणाच्या थोडे आधी त्यांनी स्नानसंस्कार घेतला. आई मोनिका मात्र जन्मापासून श्रद्धेत वाढलेली. असे असूनही मुलाचा स्नानसंस्कार लहानपणी झाला नाही. स्नानसंस्कारानंतरचे पाप अधिक भारी, म्हणून तो पुढे ढकलावा, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. लहानपणी पोटदुखीने तो मरणाच्या दारी गेला तेव्हा तयारी झाली, पण त्याला बरे वाटताच ती पुन्हा बारगळली.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. वयाच्या सतराव्या वर्षी गावातल्या एका श्रीमंताच्या मदतीने तो कार्थेज या मोठ्या शहरात शिकायला गेला. तेथे लग्नाविना एका स्त्रीबरोबर राहू लागला आणि त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरो या रोमन लेखकाचे एक पुस्तक हाती आले आणि सत्य शोधण्याची तळमळ त्याच्या मनात जागी झाली. घरच्या संस्कारामुळे तो प्रथम बायबलकडे वळला. पण त्या वेळचे लॅटिन भाषांतर ओबडधोबड होते. उत्तम भाषेची चटक लागलेल्या या विद्यार्थ्याने ते मिटून ठेवले.

मग तो मानी पंथात गेला. तिसऱ्या शतकात इराणकडे झालेल्या मानी नावाच्या धर्मसंस्थापकाची ही शिकवण. जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती आहेत आणि सारे वाईट अंधाराकडून येते, असे हे लोक सांगत. ख्रिस्तसभा आधी विश्वास ठेवायला लावते, आम्ही मात्र बुद्धीला पटवून देतो, असा त्यांचा दावा होता. तुमच्या देवाला केस आणि नखे आहेत का, अनेक बायका करणारे जुन्या करारातले पूर्वज नीतिमान कसे, असे ते थट्टेने विचारत. ऑगस्टीनला उत्तरे देता येईनात. आईने त्याला प्रार्थना शिकवली होती. हे प्रश्न तिच्या कधी मनातही आले नसतील. शिवाय या पंथात एक सोयही होती. पाप मी करत नाही, माझ्यातला अंधार करतो, असे म्हणता येत होते. तो सुमारे नऊ वर्षे त्यांच्यात राहिला आणि आपल्या मित्रांनाही त्याने तिकडे ओढले.

मोनिकेने आधी त्याला घराबाहेर ठेवले. त्याच्याबरोबर जेवायलाही ती बसेना. मग तिला एक स्वप्न पडले, त्यात मुलगा आपल्याच शेजारी उभा दिसला, आणि तिने त्याला परत घरात घेतले. ती एका बिशपांकडे गेली. ते स्वतः लहानपणी मानी पंथात वाढलेले होते, त्यांची पुस्तके त्यांनी वाचली होती. माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा, अशी तिने गळ घातली. त्यांनी नकार दिला. मुलगा अजून शिकण्याच्या मनःस्थितीत नाही, नव्या मताच्या नशेत आहे, वाचता वाचता त्याला स्वतःलाच उमगेल, तुम्ही प्रार्थना करत राहा, असे त्यांनी सांगितले. ती रडत हटूनच बसली तेव्हा ते थोडे वैतागले आणि म्हणाले की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही. या बिशपांचे नावही इतिहासाला माहीत नाही. आमच्या मते ऑगस्टीनच्या आयुष्यातील ते सर्वांत शहाणे धर्मगुरू होते.

आणि झालेही तसेच. ऑगस्टीनला तेव्हा ज्योतिषाचाही नाद होता. आपल्याकडे लग्न ठरवताना गुपचूप पत्रिका दाखवून येणारी ख्रिस्ती घरे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पुढे फर्मिनस नावाच्या मित्राने त्याला आपल्या जन्माची हकिगत सांगितली. ज्या घटकेला तो श्रीमंत घरात जन्मला, अगदी त्याच घटकेला ओळखीच्या घरातील एका दासीला मुलगा झाला. दोन्ही घरांनी वेळ काटेकोर टिपून ठेवली होती. ग्रह तेच, घटका तीच. एक मोठ्या मानाला चढला, दुसरा जन्मभर गुलामच राहिला. ऑगस्टीनचा ज्योतिषावरचा उरलासुरला विश्वास तेथे संपला.

मानी पंथाच्या ग्रंथांत सूर्य-चंद्राविषयी बरेच काही लिहिले होते. ते खगोलशास्त्रज्ञांच्या गणिताशी जुळत नव्हते. आमचे फॉस्टस आले की सर्व उलगडून सांगतील, असे पंथाचे लोक त्याला सांगत राहिले. शेवटी फॉस्टस कार्थेजला आले. गोड बोलणारे, नम्र गृहस्थ. ऑगस्टीनने प्रश्न मांडले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की हे आपल्याला माहीत नाही. त्या प्रामाणिकपणामुळे ऑगस्टीनला ते आवडले, पण पंथावरचा त्याचा विश्वास उडाला. गंमत पाहा, एकही ख्रिस्ती माणूस त्याच्याशी वाद घालायला गेला नव्हता.

३८३ साली तो रोमला निघाला. आई बरोबर येण्याचा हट्ट धरील म्हणून तिला बंदरावर खोटे सांगून रात्री जहाजात चढला. ती सकाळपर्यंत संत सिप्रियन यांच्या स्मारकाजवळ प्रार्थना करत होती. रोममध्ये फी बुडवणारे विद्यार्थी भेटले. ३८४ मध्ये मिलान शहरात वक्तृत्वाच्या प्राध्यापकाची मानाची जागा मिळाली. यावेळेपर्यंत त्याला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती.

मिलानचे बिशप होते अ‍ॅम्ब्रोज. ऑगस्टीन त्यांच्या प्रवचनाला गेला तो त्यांची भाषा ऐकायला. पण भाषेबरोबर अर्थही कानात शिरू लागला. जुन्या करारातील अनेक वर्णने शब्दशः घ्यायची नसून त्यांत खोल अर्थ आहे, देवाला हातपाय आहेत असे ख्रिस्तसभा मुळीच शिकवत नाही, हे त्याला प्रथमच कळले. ज्या शिकवणीची आपण इतकी वर्षे टिंगल केली ती ख्रिस्तसभेची शिकवणच नव्हती! आज आम्हांला प्रश्न विचारणाऱ्या अनेकांचेही असेच असते. ज्या देवावर त्यांचा विश्वास नाही, त्या देवावर आमचाही नाही.

त्याला अ‍ॅम्ब्रोजशी निवांत बोलायचे होते. त्यांचे दार सर्वांना उघडे असे, पण सतत माणसांचा गराडा. थोडी सवड मिळाली की ते पुस्तक घेऊन मनात वाचत बसत. ऑगस्टीन समोर बसून राही, त्यांना त्रास नको म्हणून काही न बोलता उठून जाई. हा प्रसंग वाचला की आम्हांला आमच्याच ऑफिसची आठवण होते आणि बरे वाटत नाही.

न पाहता विश्वास ठेवण्याच्या प्रश्नाचा उलगडा त्याला रोजच्या जगण्यात झाला. आपण न पाहिलेली शहरे आहेत असे आपण मानतो. डॉक्टरांवर, मित्रांवर विश्वास टाकतो. आपले आईवडील हेच आपले आईवडील, हेही दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच. असा विश्वास नसता तर माणसाला एक दिवसही काढता आला नसता. तेव्हा प्रश्न विश्वास ठेवायचा की नाही हा नसून, कोणावर ठेवायचा हा आहे.

वाईट कोठून येते, या प्रश्नाने त्याला सर्वांत जास्त छळले. प्लेटोच्या परंपरेतील पुस्तके वाचून त्याला वाट दिसली. वाईट ही देवाने निर्माण केलेली वस्तू नाही आणि देवाच्या तोडीची शक्तीही नाही. चांगल्यातले काहीतरी उणे होणे म्हणजे वाईट. ताप उतरतो तेव्हा तो अंगातून निघून दुसरीकडे राहायला जात नाही, आरोग्य परत येते एवढेच. आणि माणसाच्या हातून होणारे वाईट त्याच्या स्वतंत्र इच्छेच्या वाकडे जाण्यातून येते. आम्ही हे परीक्षेत लिहिले होते. पण तरुण मुलगा गेलेल्या घरात हे उत्तर घेऊन आम्ही कधी गेलो नाही, जाणारही नाही. खुद्द ऑगस्टीनलाही ते अपुरे वाटले. शब्द देही झाला आणि नम्र होऊन क्रूसावर गेला, हे त्या पुस्तकांत त्याला कुठेच सापडले नाही. ते संत पौलाच्या पत्रांत सापडले.

चर्चला कशाला यायचे, या प्रश्नावर त्याला सिंप्लिशियन या वृद्ध धर्मगुरूंनी एक हकिगत सांगितली. व्हिक्टोरिनस हे रोममधले इतके नामांकित विद्वान की त्यांचा पुतळा उभारला गेला होता. म्हातारपणी बायबल वाचून ते सिंप्लिशियनना खाजगीत सांगत की आपण आता ख्रिस्ती झालो. तुम्हांला चर्चमध्ये पाहीन तेव्हा खरे मानीन, असे उत्तर मिळे. मग भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो काय, असे ते हसून विचारत. खरे कारण भिंती नव्हते; आपले प्रतिष्ठित मित्र काय म्हणतील याची भीती होती. एके दिवशी त्यांनीच येऊन चला, चर्चला जाऊ म्हटले आणि सर्वांसमोर श्रद्धा प्रकट केली.

आता ऑगस्टीनच्या बुद्धीच्या शंका फिटल्या होत्या. तरी पाय उचलेना, कारण अडचण आयुष्यात होती. चांगल्या घरात लग्न जमावे म्हणून सुमारे १५ वर्षे साथ दिलेल्या त्या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. मुलगा त्याच्याकडेच राहिला. पुन्हा कोणा पुरुषाची होणार नाही अशी शपथ घेऊन ती गेली. तिचे नाव त्याने कुठेही लिहिलेले नाही. हा अन्याय होता, आणि लग्न जुळवण्यात मोनिकेचाही हात होता. संतांच्या चरित्रातही असे पान असते.

ऑगस्ट ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत तो स्वतःच्या दुबळेपणावर रडत होता. शेजारून लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला, घे आणि वाच असे सांगणारा. त्याने रोमकरांस लिहिलेले पत्र उघडले. त्यातले शब्द भोग टाकून प्रभू येशूला परिधान करण्याचे होते. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री अ‍ॅम्ब्रोजनी त्याला, त्याच्या मुलाला व मित्र अलीपियसला स्नानसंस्कार दिला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात मोनिका वयाच्या ५६ व्या वर्षी देवाघरी गेली. पुढे दोन-तीन वर्षांत अदेओदातुसही तरुणपणीच वारला.

३९१ मध्ये हिप्पो गावच्या लोकांनी ऑगस्टीनना जवळजवळ पकडूनच धर्मगुरू केले आणि थोड्या वर्षांत ते तेथील बिशप झाले. आता प्रश्न विचारणारे त्यांच्या दारी येऊ लागले. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले. जुने देव सोडले म्हणून हे झाले, तुमचा देव कुठे होता, असे लोक विचारू लागले. ऑगस्टीननी १३ वर्षे खपून २२ भागांचा ग्रंथ लिहिला. संकट भल्यावर येते तसे बुऱ्यावरही येते. एकाच आगीत सोने उजळते आणि गवत धुरकटते, असे त्यांनी मांडले. त्या लुटीत अत्याचार झालेल्या स्त्रियांविषयीही लिहिले. त्यांच्यावर कसलाही डाग नाही आणि जीव देण्याचे कारण नाही, असे स्पष्ट सांगितले.

उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहितानाही त्यांनी ख्रिस्ती लोकांचेच कान उपटले. तारे, ग्रह, ऋतू यांचे ज्ञान इतरांना असते. आपण बायबलच्या नावाने त्यावर अडाण्यासारखे बोललो तर ते हसतील, आणि मग पुनरुत्थानावर तरी का विश्वास ठेवतील? हे १६०० वर्षांपूर्वीचे आहे.

सर्वच त्यांना साधले असे नाही. डोनाटस पंथीयांना परत आणण्यासाठी त्यांनी पुढे सरकारी सक्तीला मान्यता दिली. ज्याला स्वतःला वळायला इतकी वर्षे मिळाली त्याने इतरांना तेवढी देऊ नयेत, याचे आम्हांला वाईट वाटते. उतारवयात मात्र त्यांनी आपली ९३ पुस्तके पुन्हा तपासली आणि कोठे काय चुकले ते लिहून ठेवले. व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातलेला असताना २८ ऑगस्ट ४३० रोजी ते वारले. पश्चात्तापाची स्तोत्रे त्यांनी बिछान्यासमोर भिंतीवर लावून घेतली होती. जुन्या गोव्यात त्यांच्या नावाच्या भग्न चर्चचा मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे त्यांच्याच नावाच्या संघाचे आहेत.

त्या मातेला आम्ही मुलाशी भांडू नका, जेवायला मात्र रोज हाक मारा, असे सांगितले आहे. आणि दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ६ आम्ही ऑफिसात बसणार आहोत. त्या तासात दाखले, मिस्साची बुकिंग काही घेतले जाणार नाही. फोनही बंद असेल. ज्यांना काही विचारायचे आहे त्यांनी यावे. मिस्साला येत नसाल तरी चालेल. उत्तर आम्हांला माहीत नसेल तर फॉस्टसप्रमाणे तसे सांगू आणि पुढच्या शनिवारपर्यंत वाचून ठेवू.

तुमचे धर्मगुरू