साखरेचे कुलूप आणि एमिल फिशर

१८९१ चा वसंत ऋतू. इटलीच्या किनाऱ्यावरील बोर्डिघेरा गावी दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञ आले होते. गुरू आडोल्फ फॉन बायर आणि शिष्य एमिल फिशर. बायर पावाच्या मऊ भागाच्या गोळ्या वळत, त्यांत दात कोरण्याच्या काड्या खुपसत आणि पुन्हा मोडत. गोळी म्हणजे कार्बनचा अणू, काडी म्हणजे त्याचा बंध. साखरेच्या रेणूची जडणघडण उलगडताना फिशर जिथे अडले होते, ते कोडे त्यांनी गुरूंपुढे टाकले होते. बायर यांनी अखेर हात टेकले. फिशर वुर्झबर्गला परतले, चांगले नमुने घेऊन ते पुन्हा पुन्हा निरखत बसले आणि कोडे सुटले. मला या माणसाचा मोठेपणा इथेच दिसतो. झटकन सुचण्यापेक्षा चिवटपणे पाहत राहणे हा त्यांचा गुण होता.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या ऑयस्किर्शेन गावी झाला. वडील व्यापारी. मुलाने लाकडाच्या धंद्यात पडावे म्हणून त्यांनी त्याला तिथे घातलेही. पण स्वारीला हिशेबात रस नाही हे ओळखून शिकायला मोकळे केले. स्ट्रासबुर्गला बायर भेटले आणि भौतिकशास्त्राकडे ओढा असलेला हा तरुण रसायनात रमला. तिथेच १८७५ साली त्याने फिनाइलहायड्राझीन हे द्रव्य शोधले.

साखरेवर काम करणाऱ्यांची तेव्हा एक मोठी अडचण होती. शुद्ध करू जावे तर हाती येई काकवीसारखा चिकट पाक, स्फटिक म्हणून धरत नसत. फिनाइलहायड्राझीन घातले की मात्र त्याच साखरेचे पिवळे स्फटिक होत. आमच्या पिढीतल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी हे ‘ओसाझोन’ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत: ग्लुकोजचे केरसुणीसारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे. प्रॅक्टिकलचे गुण मिळवण्याच्या घाईत ही युक्ती कोणाची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ते द्रव्य विषारी असते. फिशर यांनी वर्षानुवर्षे ते हाताळले आणि त्याचा त्रास प्रकृतीवर काढला.

ग्लुकोजच्या सरळ साखळीत चार कार्बन असे, की त्यांच्यावरचे गट डावीकडे किंवा उजवीकडे बसू शकतात. म्हणजे एकूण सोळा रचना. त्यांतली ग्लुकोजची कोणती, हे फिशर यांनी १८९१ मध्ये निव्वळ तर्काने आणि प्रयोगांनी ठरवले. एक जागा मात्र अडली. आरशातल्या दोन प्रतिमांपैकी खरी कोणती, हे त्या काळी कळणे शक्यच नव्हते. त्यांनी त्यांतली एक निवडली. १९५१ साली डच शास्त्रज्ञ बायफूट यांनी क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा ती बरोबर निघाली.

१८९२ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. दोनच वर्षांनी त्यांनी ती प्रसिद्ध कल्पना मांडली. ग्लुकोजला मिथाइलचा छोटा गट जोडून दोन जुळी संयुगे तयार होतात. फरक एवढाच, की तो गट एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. यीस्टच्या अर्काने पहिले तुटे, दुसऱ्याला तो स्पर्शही करीत नसे. बदामातल्या एमल्सिनचे अगदी उलट. एका अणूभोवतीच्या मांडणीने एवढा फरक पडावा! एन्झाइम आणि साखर यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असले पाहिजे, असे फिशर यांनी सुचवले. १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले.

घर मात्र रिते होत गेले. पत्नी आग्नेस लग्नानंतर सातच वर्षांनी, १८९५ मध्ये, गेली. महायुद्धाच्या काळात तीन मुलांपैकी दोन गेले. थोरला हेर्मान तेवढा उरला, तोही पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला. १५ जुलै १९१९ रोजी कर्करोगाने ग्रासलेल्या फिशर यांनी बर्लिनमध्ये शेवटचा श्वास घेतला.

एन्झाइम म्हणजे प्रथिन, हेही तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. ते कुलूप फिशर यांनी कधी पाहिलेच नाही. १९५८ मध्ये अमेरिकेचे डॅनियल कोशलँड यांनी अशी कल्पना मांडली, की कुलूपही किल्लीनुसार आपला आकार बदलते. १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या लायसोझाइमची रचना उलगडली. त्यावरून असे दिसले, की जिवाणूच्या भिंतीतल्या साखरेचे एक कडे या खाचेत नीट बसण्यासाठी वाकवावे लागते. म्हणजे किल्लीही ताठ नव्हती.

मग रसायनशास्त्रज्ञांना वाटले, साखरेची डुलणारी साखळी प्रथिनाला चिकटताना आपले स्वातंत्र्य गमावते आणि त्याची किंमत मोजते. ती आधीच एखादा जादा पूल बांधून योग्य आकारात आवळून ठेवली, तर किंमत वाचेल आणि पकड घट्ट होईल. हिशेब चोख होता. प्रयोगांत मात्र काही ठिकाणी पकड जेमतेम वाढली, काही ठिकाणी चक्क सैल झाली. कुठे पूल स्वतःच वाटेत आडवा येतो, कुठे आवळलेला आकार प्रथिनाला हव्या असलेल्या आकाराहून केसभर वेगळा निघतो, आणि मोकळ्या साखळीने गमावलेले स्वातंत्र्यही समजले जात होते तेवढे महाग नसते. कोणत्या जोडाला आवळायचे आणि कोणता मोकळा सोडायचा, हे अजून प्रत्येक प्रथिनापुढे बसून, मोजून पाहावे लागते.