स्वामी रामानंद तीर्थ : नागरी हक्कांचा लढा

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा अभिमान आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला व्यक्त करतो. मात्र हा लढा केवळ भारतात विलीन होण्यासाठी झाला असे मानल्यास त्याची सुरुवातीची वर्षे नजरेआड होतात. तेव्हाची मागणी अधिक प्राथमिक होती : सभा भरवण्याचा, संघटना स्थापण्याचा आणि स्वभाषेत शिकण्याचा हक्क. स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासावे.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे, म्हणजे कन्नड मुलखात झाला. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे काही काळ काम केल्यावर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. संन्यास घेतला, पण अध्यापन सोडले नाही. पुढे अंबाजोगाईतही ते शिकवीत राहिले.

निजामी राज्यात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण एका देशी भाषेतून दिले, हे भाषाभ्यासकाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ती भाषा नांदेड-लातूरकडील बहुसंख्य मुलांच्या घरची नव्हती. खाजगी शाळेला परवानगी लागे; गश्ती निशाण ५३ या हुकुमामुळे सभेलाही लागे.

या बंधनांविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलण्यासाठी महाराष्ट्र परिषद उभी राहिली. १९३७ मध्ये परतूरला आणि १९३८ मध्ये लातूरला तिची अधिवेशने झाली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची जुळवाजुळव सुरू झाली. ही संघटना जातीय आहे, असा ठपका ठेवून सरकारने तिच्यावर स्थापनेपूर्वीच बंदी घातली! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. बंदी उठली ती १९४६ मध्ये.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, त्यांना पुन्हा अटक झाली. मधला अल्प काळ वगळता सप्टेंबर १९४८ पर्यंत ते बंदिवासात होते. याच काळात, ऑगस्ट १९४८ मध्ये, विलीनीकरणाची बाजू मांडणारे उर्दू दैनिक ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. या लढ्याला हिंदू-मुस्लिम संघर्ष ठरवणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

मुक्तीनंतर स्वामीजींनी नांदेडमध्ये शिक्षणसंस्था उभारली. १९५० मध्ये तेथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९५६ मध्ये ते झाले. लोकसभेवर ते १९५२ मध्ये कन्नडभाषक गुलबर्ग्यातून, तर १९५७ मध्ये मराठीभाषक औरंगाबादेतून निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.